कॅडमध्ये बेस मॅप कसा आणावा आणि कसा छाटावा?

इमारत, रस्ता, जलवाहिनी किंवा लेआउट यांपैकी कशाचेही आरेखन करताना त्याखाली जागेचा तयार नकाशा अंथरला जातो. यालाच बेस मॅप म्हणतात. त्यात हद्दी, रस्ते, नाले, समोच्च रेषा आणि आजूबाजूची बांधकामे दाखवलेली असतात. पुढची सगळी मापे याच नकाशावरून घेतली जातात. त्यामुळे इथे झालेली चूक शेवटच्या रेषेपर्यंत सोबत येते.

नकाशा कोणत्या स्वरूपात आहे?

मोजणीदाराकडून डीडब्ल्यूजी फाइल मिळाली तर ती ऑटोकॅडमध्ये 'एक्सरेफ' म्हणून जोडणे उत्तम. मूळ फाइल वेगळीच राहते आणि तिच्यात बदल झाला की आपल्या ड्रॉइंगमध्येही तो दिसतो. 'इन्सर्ट' केल्यास नकाशा ड्रॉइंगचाच भाग होतो आणि हा दुवा उरत नाही.

पीडीएफ असेल तर ती कशी बनली हे आधी पाहावे. कॅडमधून थेट काढलेल्या पीडीएफमधील रेषा ऑटोकॅड २०१७ पासून आलेल्या 'पीडीएफइम्पोर्ट' आज्ञेने मिळवता येतात. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे केवळ चित्र. ते खाली ठेवून त्यावरून रेषा गिरवाव्या लागतात.

एकके आणि प्रमाण

एक फाइल मीटरमध्ये आणि दुसरी मिलिमीटरमध्ये असेल, तर नकाशा हजारपट लहान किंवा मोठा दिसतो. ही चूक लगेच लक्षात येते. स्कॅनमधली एक-दोन टक्क्यांची चूक मात्र डोळ्यांना दिसत नाही. लांबीत २ टक्के वाढ झाली की क्षेत्रफळ सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ४० गुंठ्यांचा एक एकर कॅडमध्ये ४१.६ गुंठे भरतो!

म्हणून नकाशावरील एक ज्ञात अंतर मोजावे आणि 'स्केल' आज्ञेतील 'रेफरन्स' पर्यायाने प्रमाण जुळवावे. त्यानंतर पहिल्याशी काटकोनात असलेले दुसरे अंतरही तपासावे. जुना कागद उभा आणि आडवा सारखाच आक्रसतो असे नाही.

निर्देशांक जपा

सर्वेक्षणाचे नकाशे अनेकदा यूटीएम पद्धतीत असतात. मुंबई, पुणे, नाशिक ४३ व्या झोनमध्ये येतात, तर नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली ४४ व्या झोनमध्ये. दोन झोन वेगळे करणारी रेषा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे. झोन चुकला तर नकाशा भलत्याच ठिकाणी जातो. कामाच्या सोयीसाठी नकाशा उचलून शून्य बिंदूवर आणल्यास दुसऱ्या सल्लागाराची फाइल त्यावर बसत नाही.

छाटणी: लपवणे आणि कापणे

गावाच्या नकाशातील एकच गट हवा असेल, तर त्याभोवती बंद पॉलिलाइन काढावी. हद्दीला अगदी चिकटून न कापता शेजारचे रस्ते आणि नाले आत येतील इतकी जागा सोडावी. पुढे दोन मार्ग आहेत.

• 'एक्सक्लिप': एक्सरेफ किंवा ब्लॉकचा बाहेरचा भाग फक्त लपतो. माहिती शाबूत राहते आणि चौकट पुन्हा बदलता येते. पण फाइलचा आकार कमी होत नाही. शिवाय ती कोणाला पाठवली, तर लपवलेला भागही सोबत जातो.

• 'एक्सट्रिम': पॉलिलाइनला छेदणाऱ्या रेषा एका फटक्यात कापल्या जातात. पूर्णपणे बाहेर असलेल्या वस्तू मात्र तशाच राहतात, त्या निवडून पुसाव्या लागतात. हॅच आणि ब्लॉक वेगळे तपासावेत.

समोच्च रेषा वेगवेगळ्या उंचीवर असतात. 'ट्रिम'मधील 'प्रोजेक्ट' पर्याय 'नन'वर असेल, तर वरून छेदताना दिसणाऱ्या रेषाही कापल्या जात नाहीत. तो 'यूसीएस'वर ठेवावा.

शेवटची सफाई

'ओव्हरकिल'ने एकावर एक पडलेल्या रेषा निघतात, 'पर्ज'ने न वापरलेले लेअर आणि ब्लॉक जातात. बेस मॅपचा लेअर फिकट रंगात ठेवून लॉक करावा. मूळ, न छाटलेली फाइल वेगळी जपावी, कारण कापून टाकलेला नाला पुढे निचऱ्याचे आरेखन करताना हमखास लागतो.

एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. गिरवलेला नकाशा कितीही नेटका असला, तरी तो हद्दीचा पुरावा नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख विभागाची मोजणी आणि तिची 'क' प्रतच पाहावी.