दोन दिवसांची नक्कल

'जसंच्या तसं उतरवून काढा,' असं मी वर्गात हजारदा तरी सांगितलं असेल. ते किती अवघड असतं, हे निवृत्तीनंतर मला माझ्याच वयाच्या एका जपानी कवीने शिकवलं.

फुजिवारा नो तेइका हा क्योतोच्या दरबारातला मोठा कवी आणि जुन्या पोथ्यांचा जाणकार. इ.स. १२३५ मध्ये त्याच्या हाती अचानक की नो त्सुरायुकीच्या हस्ताक्षरातली 'तोसा निक्की' आली. हा त्सुरायुकी म्हणजे सम्राटाच्या आज्ञेने 'कोकिनशू' हा काव्यसंग्रह तयार करणाऱ्या चार कवींपैकी एक. तोसा प्रांताचा कारभार संपवून राजधानीला परततानाची ही रोजनिशी त्याने एका स्त्रीच्या तोंडून लिहिली आहे. त्यात जागोजागी कविता आहेत, आणि तोसात दगावलेल्या लहान मुलीचं दुःखही.

तेइका तेव्हा आजारी होता, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. प्रतीच्या शेवटी त्यानेच तशी नोंद केली आहे. समोर तीनशे वर्षांपूर्वीची पोथी! पठ्ठ्याने दोन दिवसांत नक्कल पुरी केली.

गंमत अशी, की ती जशीच्या तशी नाही. तेइकाचे शुद्धलेखनाचे स्वतःचे नियम होते, त्याप्रमाणे त्याने शब्द बदलले. पुढच्याच वर्षी त्याचा मुलगा तामेइए याने त्याच पोथीची नक्कल केली, ती मात्र मुळाबरहुकूम. लाल शाईत जन्म घालवलेल्या मला बापाची खोड लगेच ओळखू आली!

मूळ पोथी पंधराव्या शतकापर्यंत होती, पुढे हरवली. मुलाची प्रत १९८४ साली पुन्हा उजेडात आली, आणि त्सुरायुकीचे शब्द शोधताना अभ्यासकांना तिचाच मोठा आधार वाटतो. पण बापानेही एक मोलाची गोष्ट केली होती. शेवटचा थोडा मजकूर त्याने त्सुरायुकीच्या अक्षराच्या वळणाबरहुकूम काढून ठेवला, पुढच्यांना ते अक्षर कळावं म्हणून.

असो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी आईची जात्यावरच्या ओव्यांची वही उतरवायला घेतली आहे. तिचं 'अशुद्ध' लेखन सुधारायला हात शिवशिवतो. मग तामेइए आठवतो आणि मी पेन आवरतो. शेवटचं पान मात्र तिच्याच वळणाने गिरवणार आहे. नातवंडांनी तिचं अक्षर पाहिलेलं नाही.