अज्ञात वस्तूंची ओळख : संगणकीय खेळांतील एका संकेतव्यवस्थेचा इतिहास

अद्भुत कथानकावर रचलेल्या संगणकीय खेळांत खेळाडूस भुयारात नाना प्रकारच्या वस्तू सापडतात : रसायनाच्या कुप्या, लेखांकित गुंडाळ्या, अंगठ्या, जादूच्या कांड्या. वस्तू हाती येते, परंतु तिचा गुण कळत नाही. निळे रसायन जखम भरून काढील की डोळे घालवील, हे त्याच्या निळेपणावरून ठरत नाही. हे अज्ञान दूर करण्याच्या क्रियेस या खेळांच्या परिभाषेत 'ओळख' म्हणतात. ही केवळ एक कंटाळवाणी अडचण होती व खेळ सुधारत गेले तशी ती साहजिकच नाहीशी झाली, असे सामान्यतः मानले जाते. हे मत अर्धेच खरे आहे. 'ओळख' या एका नावाखाली दोन भिन्न प्रथा नांदत आल्या. त्यांपैकी एकीत अज्ञान अनुमानाने दूर होते, दुसरीत पैसे मोजून. लोप पावली ती मुख्यतः दुसरी.

या कल्पनेचे मूळ संगणकात नाही. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजावर खेळावयाचा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या विस्तारित आवृत्तीच्या १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या नियमग्रंथात वस्तूंची ओळख पटविणारा एक मंत्र दिलेला आहे. त्यासाठी किमान १०० सुवर्णनाण्यांचा मोती लागे, मद्यात भिजविलेल्या घुबडाच्या पिसाचा अर्क प्यावा लागे, एक लहानसा जिवंत मासा गिळावा लागे, आणि एवढे करूनही मांत्रिकाचे शरीरबळ काही काळ ८ अंकांनी घटे. ज्ञानास मूल्य असते हा विचार येथे विनोदाच्या रूपाने का होईना, पण स्पष्ट मांडला आहे. मात्र मेजावरच्या खेळात रहस्य सांभाळणारा एक पंच असतो. तो माणूस असल्यामुळे दर वेळी नवे रहस्य रचू शकतो. संगणकाच्या खेळात असा पंच नाही, आणि एकदा खेळलेला माणूस निळ्या कुपीचा गुण पुढच्या खेपेस विसरत नाही.

या अडचणीवर 'रोग' नामक खेळाने तोडगा काढला. मायकेल टॉय व ग्लेन विचमन यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथील विद्यापीठात १९८० च्या सुमारास हा खेळ रचला. पुढे बर्कली येथील केन आर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला, आणि बर्कलीच्या युनिक्स प्रणालीबरोबर तो अनेक विद्यापीठांत पोहोचला. 'रोग'मध्ये प्रत्येक नव्या डावाच्या आरंभी रूप व गुण यांची जोडणी नव्याने होते. रसायनांना रंग, अंगठ्यांना रत्ने, कांड्यांना लाकूड वा धातू. आणि गुंडाळ्यांना एका साठ्यातील अक्षरसमूह यदृच्छेने जोडून बनविलेली निरर्थक शीर्षके. एका डावात जोडणी अचल असते, दुसऱ्या डावात ती मोडून नवी होते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य मानणारे मीमांसक आणि तो संकेताने ठरतो असे म्हणणारे नैयायिक यांचा वाद सुपरिचित आहे. येथे खेळाडू एका डावापुरता मीमांसक आणि डावाडावांतून नैयायिक असतो, असे म्हणावयास हरकत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अज्ञात वस्तू वापरूनही तिचा गुण न कळल्यास 'रोग' खेळाडूस विचारतो, हिला काय म्हणावयाचे? खेळाडू एक तात्पुरते नाव देतो, आणि तेच नाव त्या जातीच्या सर्व वस्तूंना लागू होते.

'रोग'च्या अनुकरणातून 'हॅक' निघाला. जे फेनलसन याने मॅसॅच्युसेट्समधील एका शाळेत असताना मित्रांसह तो लिहिला. अ‍ॅम्स्टरडॅम येथील आंद्रीस ब्राउवर याने त्याचा विस्तार करून १९८४ च्या डिसेंबरात तो यूझनेटद्वारा सर्वांस खुला केला. १९८७ साली माइक स्टीफन्सनच्या संपादनाखाली 'नेटहॅक' अवतरला, आणि आजही तो खेळला जातो. यात गुंडाळ्यांची शीर्षके यदृच्छेने बनत नाहीत. ती एका ठरलेल्या यादीतून येतात, आणि ही यादी भाषाभ्यासकाने अवश्य चाळावी अशी आहे. 'एल्बिब य्लोह' हे इंग्रजीतील पवित्र बायबलाचे नाव रोमन लिपीत उलटे लिहिलेले आहे. 'किर्ये' हा फिनिश भाषेत पत्रास म्हणतात तो शब्द. दोन शीर्षके प्राचीन उच्च जर्मन भाषेतील मेर्झेबुर्ग मंत्रांतून उचललेली. 'एटाओइन श्रड्लू' ही लायनोटाइप यंत्राच्या कळफलकावरील पहिल्या दोन उभ्या ओळींची अक्षरे. चुकलेली ओळ बाद करण्यासाठी जुळारी त्यांवरून बोट फिरवी, आणि कधी कधी ती अक्षरे वृत्तपत्रात तशीच छापली जात. एक शीर्षक चेक भाषेतील चार शब्दांचे वाक्य असून त्यात एकही स्वरचिन्ह नाही. पाश्चात्त्यांना ते नवल वाटते, परंतु तेथील रकार स्वराचे कार्य करतो हे 'ऋ' शिकलेल्यास सांगावयास नको. 'हापाक्स लेगोमेनॉन' हे शीर्षक तर चोखंदळ थट्टाच होय. एखाद्या वाङ्मयात एकदाच आढळणाऱ्या, म्हणून अर्थ लावण्यास कठीण अशा शब्दाची ती ग्रीक संज्ञा आहे.

याच यादीत 'प्रत्यवायः' आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येणारा आणि धर्मशास्त्रात विहित कर्म न केल्याने लागणाऱ्या दोषास योजलेला हा शब्द मराठीत हरकत, बाधा या अर्थाने रुळला आहे. यादीतील बहुतेक शीर्षके मराठी वाचकास निव्वळ ध्वनी वाटतील, पण येथे तो थबकेल आणि गुंडाळी अनिष्ट समजून टाकून देईल. ती मात्र त्या डावात चिलखत बळकट करणारी, अत्यंत उपकारक अशी असू शकते. शब्दाचा अर्थ ठाऊक असणे हीच येथे बाधा ठरते. शब्द परिचित असला तरी त्याचा वापर पाहिल्यावाचून अर्थ ठरवू नये, हे भाषावैज्ञानिक पथ्य या खेळात पाळावे लागते.

मग अर्थ कळतो कसा? वाचून वा पिऊन पाहणे हा सरळ मार्ग, परंतु तो घातक ठरू शकतो, शिवाय वस्तूही खर्ची पडते. अनुभवी खेळाडू दुकानात जातो. 'नेटहॅक'मधील दुकानदार अज्ञात वस्तूसही तिच्या खऱ्या जातीनुसार भाव सांगतो. त्यावरून, खेळाडूच्या रूपप्रभावामुळे होणारी चढउतार वजा करून, मूळ किंमत काढता येते. मूळ किंमत २० असणारी गुंडाळी एकच, ती 'ओळखी'ची. शंभरात सुमारे १८ या प्रमाणात आढळणारी ती सर्वांत सामान्य गुंडाळीही आहे. ८० किमतीच्या दोन जाती आहेत. १०० च्या मात्र ८, आणि तेथे किमतीचा पुरावा अपुरा पडतो. वेदीवर वस्तू ठेवली असता काळी चमक दिसल्यास ती शापित. पाळीव कुत्रा एखाद्या वस्तूवरून नाखुशीने जात असेल, तर तीही शापित. कांडीने धुळीत लिहून पाहावे : अग्नीची कांडी अक्षरे जाळून उमटविते, खोदण्याची कोरते. निद्रेची व मृत्यूची कांडी मात्र एकच खूण दाखवितात. जमिनीवरचे किडे निश्चल होतात. दोन अर्थांस एकच चिन्ह असलेले हे उदाहरण द्व्यर्थी शब्दासारखेच आहे आणि त्याचा निर्णय संदर्भावाचून होत नाही. राक्षसांस भिवविणारी गुंडाळी याहून चमत्कारिक आहे. ती जमिनीवर पडून असता तिचे सामर्थ्य टिकते. वाचली की ओळख पटते, पण गुंडाळी संपते. आणि एकदा उचललेली दुसऱ्यांदा उचलू गेल्यास बहुधा तिची धूळ होते. तिला न वाचता, किमतीवरून व राक्षसांच्या वर्तनावरून ओळखणे हाच शहाणपणा.

'नेटहॅक'ची आज्ञावली सर्वांस खुली असल्याने हे सर्व नियम वाचून पाठ करता येतात, आणि पुष्कळजण करतात. त्यामुळे रहस्य संपते असा आक्षेप घेतला जातो. परंतु नियम पाठ झाले तरी प्रस्तुत डावातील जोडणी अज्ञातच राहते. व्याकरण हाती आहे आणि कोश नाही, अशी ही अवस्था असते. कोश प्रत्येक डावात नव्याने रचावा लागतो.

दुसरी प्रथा १९८१ सालच्या 'विझर्ड्री'पासून दिसते. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या या खेळात अनोळखी तलवार नुसती 'तलवार' म्हणून दिसते, आणि बोल्टॅकच्या दुकानात तिची ओळख करून मिळते. तेथील शुल्क वस्तू विकून मिळणाऱ्या रकमेइतकेच असते, म्हणजे ओळखून विकण्यात लाभ शून्य. येथे रूप व गुण यांचा गोंधळ नाही, म्हणून अनुमानास वावही थोडा. १९९६ च्या अखेरीस आलेल्या 'डायब्लो'ने 'रोग'च्या परंपरेतून यदृच्छेने रचलेली भुयारे उचलली, ओळखीची रीत मात्र या दुसऱ्या प्रथेची ठेवली. डेकर्ड केन नावाचा वृद्ध १०० सुवर्णनाणी घेऊन वस्तू ओळखून देतो. 'डायब्लो २' मध्ये (२०००) त्याची सुटका केल्यावर तो हे काम फुकट करू लागतो, आणि फुकट झालेली ही अडचण केवळ एक जास्तीची फेरी उरते. 'डायब्लो ३' मध्ये (२०१२) ओळखीच्या गुंडाळ्या गेल्या. दुर्मीळ वस्तूवर टिचकी मारून क्षणभर थांबणे एवढेच उरले. त्याच खेळाच्या पहिल्या अंकात केनही मरण पावतो. २०२३ च्या 'डायब्लो ४' मध्ये ओळखीचा विधी नाही. तेथे वस्तू हाती येते ती आपले नाव व सर्व गुण सांगतच.