कमरेखालचा मासा

वाईच्या ढोल्या गणपतीचे देऊळ कृष्णेच्या अगदी पात्राला लागून आहे. गणपतराव रास्त्यांनी ते १७६२ मध्ये बांधले. पुराची पुरती जाण ठेवूनच ते बांधले असणार, कारण मागची भिंत सरळ न घेता माशासारखी निमुळती केलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याशी जुळवून घ्यायचे तर माशाचा आकार घ्यावा, हे या नदीकाठाला दगडात बांधून ठेवण्याइतके पक्के ठाऊक होते. असे असूनही कमरेखाली माशाचा आकार चढवून माणसाने स्वतः पाण्यात उतरावे, अशी वस्तू इथे कुणी केल्याचे दिसत नाही. ताणल्या जाणाऱ्या कापडाची शेपटी घरच्या शिवणयंत्रावर शिवायची, तिच्यावर खवले रंगवायचे आणि ती घालून तलावात पोहायचे, ही हौस जगभर पसरली ती गेल्या काही दशकांत. सातारा-सांगलीकडे ती आली तरी बहुधा शाळेच्या वेशभूषा स्पर्धेपाशी अडते. तिथल्या जलपरीची शेपटी साटिनची असते आणि तिला पाण्याचा थेंबही लागत नाही. माझे म्हणणे असे की जलपरीच्या शेपटीची कुळकथा ही कल्पनेची किंवा धाडसाची कथा नव्हे, ती मुख्यतः कापडाची कथा आहे. आणि ते तपासायला सातारा-सांगलीइतका सोयीचा प्रदेश नाही, कारण इथे बाकीचे सगळे होते. एक कापड तेवढे नव्हते.

कल्पनेपासूनच सुरुवात करू. अर्धा माणूस आणि अर्धा मासा ही आकृती कुणा एकाची नाही. सीरियाची अतरगातिस देवी तशी आहे, थायलंडच्या रामकथेत हनुमानाची प्रिया सुवर्णमच्छा तशी आहे. आपल्याकडे दशावताराच्या पट्टीतला पहिला अवतार कधी पूर्ण मासा असतो, तर कधी माशाच्या तोंडातून वर आलेला चतुर्भुज विष्णू. ज्या देवळात दशावतार कोरलेले आहेत तिथे मत्स्य येतोच. म्हणजे जलपरी ही परदेशी आयात, हा आक्षेप इथेच बाद होतो. राहिले सोंग. कमरेखाली दुसऱ्या प्राण्याचे शरीर जोडायची कारागिरी मराठी मुलखाला नवी नव्हती. गोव्यातल्या घोडेमोडणीत नाचणारा माणूस कमरेला घोड्याचा सांगाडा अडकवून स्वारही होतो आणि घोडाही. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभे केले. त्या नाट्यपरंपरेच्या पूर्वरंगात सरस्वती येई ती मोरावर बसून, आणि हा मोर नटाच्याच कमरेला बांधलेला असे. पाय नटाचे, अंग मोराचे, आणि नाचणारी सरस्वती. स्वतः भावे लाकडी बाहुल्या करणारे कारागीर होते. सांधा कुठे वाकतो आणि कुठे अडतो, हे त्यांच्या हाताला माहीत होते. अशा माणसाला कमरेखालचा मासा जड गेला असता असे मला वाटत नाही. रंगमंचावर तो झालाही असता. मात्र रंगमंच कोरडा होता.

पाण्याचीही वाण नव्हती. महाबळेश्वरापासून वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, सांगली, हरिपूर असा कृष्णेचा प्रवास, आणि जागोजागी तिला मिळणाऱ्या वेण्णा, कोयना, वारणा. या काठांवर पोरे पोहायला शिकत ती पाठीला सुकलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून, पुढे पत्र्याच्या डब्यावर आणि मग ट्यूबवर. भोपळ्यांची सांगड बांधून माणसे नदी ओलांडत, मासेही धरत. (भोपळ्याच्या कुळातले मोठे भाऊबंद मिरजेत जाऊन तंबोरे झाले; दोन्हीकडे उपयोग आतल्या पोकळीचाच.) ऊस आला तसा गूळ आला, आणि गुळाची काहील वेळप्रसंगी होडी म्हणून पाण्यात घातली गेली. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ मध्ये खुला झाला, आणि पुरात त्यावरून उड्या टाकणाऱ्या पट्टीच्या पोहणाऱ्यांचे कौतुक शहराने तेव्हापासून केले आहे. थोडक्यात, पाण्याला न घाबरणारी माणसे होती आणि हाताशी आलेल्या कुठल्याही वस्तूला पाण्यात जुंपायची बुद्धीही होती. पण या साऱ्या साधनांत एक गोष्ट समान आहे: ती माणसाला तरंगवतात. शेपटी याच्या अगदी उलट वागते. ती पाय बांधते आणि तरंगण्याची जबाबदारी पोहणाऱ्यावरच टाकते. म्हणून भोपळ्याच्या वंशात शेपटीचा शोध घेणे व्यर्थ आहे. तिचे गोत्र सोंगाचे.

आता सोंग पाण्यात का उतरले नाही ते पाहू. भाव्यांच्या काळच्या कारागिरापुढे कोणते जिन्नस होते? सुती कापड, रेशीम, माणदेशाकडची घोंगडी, चामडे आणि मेणकापड. पाण्याला चामडे लावण्यात तर हा मुलूख तरबेज होता. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या विहिरीवर एका वेळी बारा मोटा चालत म्हणून तिचे नावच बारामोटेची विहीर. पण मोट वरखाली होते, तिला गुडघा नसतो. मासा पोहतो तसे पोहायचे तर दोन्ही पाय जुळवून कमरेपासून लाट काढावी लागते. त्यात गुडघा दर क्षणी वाकतो आणि त्याच्यावरची कातडी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने लांबते. मागावर विणलेले कापड उभ्या आणि आडव्या धाग्यांत बांधलेले असते. तिरके ओढले तर थोडे देते, सरळ ओढले तर जवळजवळ नाहीच. ते घट्ट शिवले तर गुडघा वाकत नाही किंवा शिवण उसवते. सैल शिवले तर आत पाणी भरते आणि पोहणारा एक भरलेली पिशवी ओढत बसतो. घोंगडी पाणी पिऊन जड होते, चामडे वाळले की ताठरते, मेणकापडाला घडीवर तडे जातात. रंगाचेही तसेच. नाटकाचे पडदे सरस घातलेल्या पाण्याच्या रंगांनी रंगवीत. रंगाचे पोपडे उडू नयेत म्हणून पडदा घडी न घालता गुंडाळून नेत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची ख्याती सर्वदूर होती, पण तो रंग पाण्यात बुडवला असता तर सरस सुटून नदी तेवढी रंगली असती.

यावर जाणकाराचा आक्षेप ठरलेला. सिडनीत १८८६ मध्ये जन्मलेल्या ॲनेट केलरमनने १९११ च्या ‘द मर्मेड’ या चित्रपटात शेपटी घालून पोहून दाखवले होते. लहानपणी पायांना लोखंडी पट्ट्या लागलेली ही मुलगी पाय सुधारावेत म्हणून पोहायला शिकली, जगप्रसिद्ध झाली, आणि १९१४ च्या ‘नेपच्यून्स डॉटर’पर्यंत जलपरी म्हणजे केलरमन असे समीकरण झाले. तेव्हा कुठे होते आजचे कापड? आक्षेप खरा आहे, आणि त्याने माझे म्हणणे मोडत नाही, नेमके होते. केलरमन जगातल्या सर्वोत्तम पोहणाऱ्यांपैकी एक होती; अडथळा बांधूनही ती पोहली असती. शिवाय तिच्या नावाशी जोडलेला अंगाबरोबरचा पोहण्याचा पोशाख मागावरच्या विणीचा नव्हता, फासे अडकवून विणलेल्या, मोज्यासारख्या कापडाचा होता. फाशांची वीण ओढली की फासा लांबतो, सोडला की आखडतो. म्हणजे पहिली पायरी कापड ताणले जाण्याची, आणि ती तिच्या काळात चढून झाली होती. दुसरी पायरी ओले झाल्यावरही न लोंबण्याची. ती १९५८ मध्ये आली, ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पँडेक्सचा धागा तयार केला तेव्हा. बाजारात आपण त्याला लायक्रा म्हणतो. तो मूळ लांबीच्या पाचपट ताणला तरी परत जागेवर येतो. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागांनी कितीही उत्तम कापड काढले असते तरी ते या कामाचे नव्हते, कारण ते मागावरचे. त्यात विणकराचा दोष काही नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. शेपटी पाहण्यासाठी असते. कृष्णेच्या पावसाळी गढूळ पाण्यात ती पाहणार कोण? फ्लोरिडातल्या वीकी वाची इथे न्यूटन पेरी यांनी १९४७ मध्ये झऱ्याच्या काठाखाली, काचेमागे प्रेक्षागृह उभारले आणि हवेच्या नळीतून श्वास घेणाऱ्या जलपऱ्या लोकांना दाखवल्या. तिथले पाणी काचेसारखे आहे म्हणून ते जमले. म्हणजे खरे कारण कापड नव्हे, निवळ पाणी, असे कुणी म्हटले तर अर्धे मान्य करायला हवे. पोहण्याचे तलाव झाले नसते तर घरोघरी शेपट्या शिवल्या गेल्या नसत्या, आणि आपल्याकडे तलाव शहरांपाशीच अडकून पडले आहेत. पण उरलेले अर्धे मान्य करता येत नाही: उन्हाळ्यात याच नदीचे पाणी निवळते, विहिरींचेही, आणि तरी सोंग पाण्यात उतरले नाही. बाईमाणसाने असे पोहणे समाजाला रुचले नसते, हेही कारण पुरत नाही. रंगभूमीवर स्त्रीभूमिका पुरुषच करत होते, नदीत पोहणारेही बहुतांशी पुरुष होते, आणि मत्स्यावतार तर मुळातच पुरुष. मनाई कुणाचीच नव्हती.

कापड अखेर आले, पण ते आले लेगिंग्जच्या आणि साडीखालच्या परकराच्या रूपाने. फिशकट परकर सांगलीच्या कुठल्याही शिंप्याला सांगावा लागत नाही: कमरेपासून गुडघ्यापर्यंत अंगाबरोबर, खाली घेर. पूर्वी तो सुती असे. आता साडीखाली घालायचा ताणाचा तयार मिळतो, आणि पंख सोडला तर तो शेपटीच आहे. हे मी गमतीने म्हणत नाही. शिवण्याची रीत खरोखरच तीच. घालणाऱ्याला कापडाच्या दुहेरी थरावर झोपवायचे, पाय जुळवून, चवडे ताणून. बेंबीपासून घोट्यापर्यंत ठिकठिकाणी घेर मोजायचे आणि कापड त्या मापापेक्षा थोडे कमीच कापायचे. अंगावर चढल्यावर ते स्वतः ताणून बसते. दोन्ही दिशांना ताणले जाणारे नायलॉन-लायक्राच हवे. सरळ टीप इथे पहिल्याच लाटेला तटकन तुटते, म्हणून नागमोडी टीप, पॉलिएस्टरचा दोरा आणि बोथट टोकाची सुई, म्हणजे धागा तुटत नाही, बाजूला सरकतो. खाली पाणी निचरायला फट ठेवायची. चेन मात्र लावायची नाही: अडचणीच्या वेळी शेपटी एका झटक्यात उतरली पाहिजे, आणि अडकलेली चेन कोरड्या खोलीतसुद्धा माणसाला रडवते.

रंगवणे हे शिवण्याहून अवघड, आणि सरसाच्या पडद्याची अडचण इथे पुन्हा भेटते. साधा ॲक्रिलिक रंग वाळून कडक होतो आणि कापड ताणले की फुटतो. म्हणून त्यात कापडासाठीचे मिश्रण घालून तो लवचिक करावा लागतो, आणि जाड थर टाळावा लागतो. दुसरे म्हणजे शेपटी सपाट पसरून रंगवली तर अंगावर चढताच खवले रुंद होतात आणि मधून मूळ कापड डोकावते. ती रंगवायची ती ताणलेली असतानाच, आत चिंध्या किंवा फोम ठासून, नाहीतर पुठ्ठ्याचा साचा घालून. खवल्यांसाठी साचा विकत आणायची गरज नाही. कांद्या-बटाट्याच्या पिशवीची प्लास्टिकची जाळी तिरकी ताणून कापडावर बसवली आणि स्पंजने रंग टिपला, की भोकांतून रंग उतरतो आणि धाग्यांच्या जागी रेघा सुटतात. एकेक खवला हाताने काढायचा असेल तर पंखाकडून कमरेकडे चढत जावे. कौले शाकारणारा वळचणीपासून सुरू करतो त्याच कारणाने, वरच्याने खालच्यावर टोक टाकायचे असते. मग पाठीला गडद, पोटाकडे फिकट. नदीतला मासा वरून पाहणाऱ्याला पाण्यात मिसळलेला दिसतो आणि खालून पाहणाऱ्याला आभाळात, तो या रंगामुळे. गणपतीच्या मूर्तीला हवेच्या फवाऱ्याने छटा देणाऱ्या हाताला हे काम दोन दिवसांत यावे. शेवटी कापड आडवे घालून मंद इस्त्रीने रंग पक्का करायचा; नायलॉन असल्याने इस्त्री जरा तापली की खवल्यांसकट भोक. आणि तलावातले क्लोरीन रंग आणि लायक्रा दोन्ही खाते, म्हणून बाहेर येताच साध्या पाण्याने धुवायचे.

एक प्रश्न राहतो तो पंखाचा. आत काय घालायचे? १९७० च्या दशकात सोव्हिएत जलतरणपटूंनी दोन्ही पाय एकाच पात्यात घालायचा एकपंखी वल्ह्यासारखा मोनोफिन पुढे आणला, आणि आजच्या शेपटीला वेग येतो तो त्याच्यामुळे. म्हणून काहीजण शेपटीला मोनोफिनचे आवरण मानतात आणि कापडाला दुय्यम ठरवतात. हे उलटे आहे. मोनोफिन कापडाशिवाय वापरता येतो, स्पर्धेत तसाच वापरतात, आणि तेव्हा त्याला पाहून कुणालाही जलपरी आठवत नाही. चित्रपटांसाठी करतात त्या सिलिकॉनच्या शेपट्या दिसायला कापडाहून सरस असतात हे खरे, पण त्यांना साचे लागतात, किंमत फार, आणि वजन एका माणसाला उचलायला जड. घरगुती वस्तू होण्याची त्यांची शक्यता नाही. पाय बांधून पोहणे हे मात्र साऱ्या शेपट्यांना लागू आहे. ज्याला लाटेने पोहता येत नाही त्याने ती घालू नये, एकट्याने घालू नये, आणि कृष्णेत तर मुळीच घालू नये: डोहाच्या भोवऱ्यात सापडलेल्याला दोन्ही पाय वेगवेगळे लागतात. हरिपूरच्या संगमावर आजही शिकणाऱ्याच्या पाठीला काहीतरी तरंगते बांधावे, आणि शेपटी तलावाच्या उथळ बाजूला, काठावर कुणी उभे असताना वापरावी.