बेट कसे जन्मते, त्यावर त्याचा इतिहास ठरतो

१/
२४ नोव्हेंबर १६८३ची रात्र. मांडवीला ओहोटी लागली होती. पोर्तुगीजांच्या राजधानीपासून, म्हणजे आजच्या जुन्या गोव्यापासून, हाकेच्या अंतरावर जुवे नावाचे बेट आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने उथळ झालेले पात्र ओलांडले आणि या बेटावरील सांतु इस्तेव्हांवचा किल्ला काबीज केला.

२/
दुसऱ्या दिवशी विजरई कोंद द आल्व्होर स्वतः फौज घेऊन बेटावर उतरला. मराठ्यांच्या माऱ्यापुढे त्याची फळी फुटली. तो स्वतः जखमी झाला आणि कसाबसा निसटला. मागे फिरणारे त्याचे कित्येक सैनिक पाण्यात आणि दलदलीत सापडले. रात्री ज्या पाण्याने मराठ्यांना वाट दिली, त्यानेच दिवसा पोर्तुगीजांची वाट अडविली.

३/
या लढाईत शौर्य होतेच. पण जुवे हे कोणत्या जातीचे बेट आहे, हे कळल्याशिवाय तिचा उलगडा होत नाही. नदीतील सगळी बेटे एका रीतीने जन्मत नाहीत. काही खडकाची, काही गाळाची, काही प्रवाह बदलल्याने मुख्य भूमीपासून तुटलेली, तर काही भरती-ओहोटीच्या पाण्यातली. या चार प्रकारांचा इतिहासही वेगवेगळा घडला आहे.

४/ पहिला प्रकार: खडकाचे बेट
नदी वाहताना मऊ भाग कापत जाते. वाटेत कठीण खडक आला की ती त्याला वळसा घालते, दुभंगते आणि पुढे पुन्हा एक होते. मधला भाग बेट म्हणून उरतो. असे बेट नदीने आणून टाकलेले नसते. नदीला हरवता न आलेले असते. म्हणूनच ते शतकानुशतके जागचे हलत नाही.

५/
कावेरीतील श्रीरंगपट्टण हे याचे ठळक उदाहरण. पायाखाली पक्का खडक आणि चहूबाजूंनी पाणी. अशा जागी दगडी तटबंदी निश्चिंतपणे उभी राहते. रंगनाथाचे प्राचीन मंदिर येथेच आहे. म्हैसूरच्या वोडेयारांनी आणि पुढे हैदर-टिपूंनी राजधानीसाठी हीच जागा पसंत केली.

६/
मात्र हा खंदक ऋतूप्रमाणे बदलतो. सह्याद्रीत पावसाळा सुरू झाला की कावेरी फुगते; उन्हाळ्यात तिच्यातून चालत जाता येते. मे १७९१मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणाजवळ पोहोचला. पण पाऊस, उपासमार आणि बैलांची मरतूक यांमुळे त्याला जड तोफा नष्ट करून परतावे लागले. त्या वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा येऊन मिळाल्या. त्यांच्या बाजारातील धान्याने इंग्रज छावणी तगली.

७/
हा धडा इंग्रज विसरले नाहीत. १७९९मध्ये जनरल हॅरिसपुढील खरी मुदत पावसाळ्याची होती. ४ मे रोजी भर दुपारी, कावेरी उथळ असतानाच, त्याच्या तुकड्या पात्रातून धावत तटाच्या खिंडारावर चढल्या. टिपू त्या दिवशी लढताना मारला गेला. आणखी काही आठवडे गेले असते, तर नदी टिपूच्या बाजूने उभी राहिली असती.

८/ दुसरा प्रकार: गाळाचे बेट
येथे नदी स्वतःच बेट रचते. पात्र रुंद झाले, उतार कमी झाला किंवा मध्येच एखादा ओंडका अडकला, की पाण्याचा वेग मंदावतो आणि वाळू खाली बसते. पुढचा पूर तिच्यावर बारीक गाळ पसरतो. मग गवत उगवते, त्याची मुळे माती धरून ठेवतात आणि आणखी गाळ अडवतात. बंगालीत याला ‘चर’ म्हणतात, गंगेकाठी ‘दियारा’, आसामात ‘चापरि’.

९/
असे बेट स्थिर नसते. त्याच्या वरच्या टोकाची झीज होते, खालच्या टोकाला भर पडते आणि बेट हळूहळू प्रवाहाच्या दिशेने सरकत राहते. त्यावरील शेत कोणाचे, सारा कोणी भरायचा, पुरानंतर नव्याने वर आलेली जमीन कोणाच्या मालकीची, हे प्रश्न मग दरवेळी नव्याने उभे राहतात. महसुली दफ्तराला ठाम सीमा हवी असते. नदी ती मान्य करीत नाही.

१०/
कधी हा वाद दोन देशांपर्यंत जातो. १९७०च्या भोला चक्रीवादळानंतर हरिभंगा नदीच्या मुखाशी एक लहानसे बेट वर आले. भारताने त्याला न्यू मूर किंवा पूर्वाशा म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी. १९८१मध्ये भारतीय नौदल तेथे पोहोचले. २०१०मध्ये कोलकात्याच्या संशोधकांनी ते बेट पाण्याखाली गेल्याचे जाहीर केले. सागरी सीमेचा निवाडा आला तो २०१४मध्ये, बेट नाहीसे झाल्यानंतर!

११/ तिसरा प्रकार: तुटलेली भूमी
कधी मोठ्या पुरात किंवा भूकंपानंतर नदी जुने पात्र सोडून नव्या वाटेने धावते. दोन वाटांमधील जमीन, गावांसह आणि शेतांसह, बेट होऊन बसते. ब्रह्मपुत्रेतील माजुली असे घडले. पूर्वी ती दोन नद्यांमधील लांबट भूमी होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील भूकंप आणि महापूर यांनंतर ब्रह्मपुत्रेचा मुख्य ओघ दक्षिणेकडे सरकला आणि माजुली दोन्ही बाजूंनी पाण्याने वेढली गेली.

१२/
माजुली हे आसामातील वैष्णव परंपरेचे हृदय आहे. श्रीमंत शंकरदेव आणि माधवदेव यांची भेट येथेच झाली, असे परंपरा सांगते. आहोम राजांच्या आश्रयाने येथे औनिआटीसारखी मोठी सत्रे वाढली. नामघर, सत्रिय नृत्य, मुखवट्यांची कला आणि अगरू वृक्षाच्या सालीवर लिहिलेल्या साचिपात पोथ्या हे या बेटाचे धन.

१३/
१५ ऑगस्ट १९५०च्या महाभूकंपात डोंगरकडे कोसळले. त्यांच्या गाळाने ब्रह्मपुत्रेचे पात्र उंचावले आणि काठांची धूप वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी माजुलीचे क्षेत्रफळ १,२०० चौरस किलोमीटरांहून अधिक मानले जाई. आज त्यातील निम्म्याच्या आसपास, काही मोजणींनुसार त्याहूनही कमी, भूमी उरली आहे. अनेक सत्रांना पोथ्या आणि मूर्तींसह स्थलांतर करावे लागले.

१४/ चौथा प्रकार: खाडीतील बेट
आता पुन्हा जुव्याकडे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे ती चढली, नदीमुखांच्या दऱ्या बुडाल्या आणि मधल्या टेकड्या बेटांसारख्या उरल्या. त्यांच्या पायथ्याशी खाडीचा गाळ साचला. मांडवीच्या मुखाजवळ तिसवाडी, दिवाडी, चोडण, वांशी, कुंभारजुवे, जुवे असा बेटांचा पुंजकाच आहे. कोकणीत ‘जुवें’ या शब्दाचा अर्थच बेट!

१५/
मध्यभागी जांभ्या दगडाची टेकडी आणि भोवती सखल खाजण जमीन, अशी या बेटांची ठेवण असते. गावकऱ्यांनी बांध घालून आणि ‘मानस’ नावाची पाण्याची दारे बसवून ही जमीन भरतीपासून राखली. येथील खंदक ऋतूप्रमाणे नव्हे, तर दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. हल्ला करणाऱ्याला आणि पळणाऱ्याला, दोघांनाही चंद्राचे वेळापत्रक पाळावे लागते.

१६/
ते वेळापत्रक जेत्यालाही सोडीत नाही. पाठलाग करताना संभाजी महाराजांचा घोडा भरतीच्या पाण्यात सापडला आणि खंडो बल्लाळांनी महाराजांना वाचविले, अशी परंपरागत कथा आहे. विजरईने तर संकटकाळी आपला राजदंड संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवाजवळ ठेवून त्यांनाच गोव्याचे रक्षण करण्याची विनवणी केली.

१७/
म्हणून बेटावरील वेढ्याची हकीकत वाचताना सनावळीबरोबर महिना, तिथी आणि पायाखालची माती हीदेखील पाहावी. श्रीरंगपट्टणाची सत्ता १७९९मध्ये संपली, पण खडक जागेवर असल्याने पडके तट आजही पाहता येतात. माजुलीत नेमके उलटे आहे. तेथील परंपरा जिवंत आहे, नामघरात आजही कीर्तन चालते. आणि दर पावसाळ्यात काठाची आणखी थोडी माती ब्रह्मपुत्रेत जाते.

(समाप्त)