प्रोस्टेट बायोप्सी : पद्धतीची निवड

पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेल्या प्रोस्टेट किंवा अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान पीएसए या रक्तचाचणीवर ठरत नाही. ग्रंथीच्या साध्या वाढीने किंवा जंतुसंसर्गानेही पीएसए वाढतो. निर्णय बायोप्सीचा. स्प्रिंगची सुई खटकन आत जाते आणि शेवईच्या तुकड्याएवढी ऊती घेऊन येते.

गुदमार्गे सोनोग्राफी करत बायोप्सी घेण्याची पद्धत जुनी. 1989 मध्ये सहा ठरावीक जागी नमुने घेण्याची रीत मांडली गेली. पुढे ही संख्या दहा-बारावर गेली. मात्र सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते आणि आतड्यातले जंतू सोबत नेते. भारतात हे जंतू नेहमीच्या प्रतिजैविकांना अनेकदा दाद देत नाहीत, म्हणून हा धोका इथे हलक्यात घेता येत नाही. वृषणकोश व गुदद्वार यांमधल्या त्वचेतून सुई घातल्यास संसर्ग कमी होतो, ग्रंथीचा पुढचा भागही हाती लागतो.

आधी एमआरआय करून संशयित जागेचा नेम धरणे अधिक फलदायी. 2018 च्या ‘प्रिसिजन’ चाचणीत 500 पुरुष होते. एमआरआयच्या मार्गाने 38 टक्क्यांत, तर जुन्या पद्धतीने 26 टक्क्यांत उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कर्करोग सापडला.

संसर्गाच्या धोक्यामुळे रुग्ण कुठे राहतो हेही महत्त्वाचे. मुळशी तालुक्यातील सूस हे गाव 2021 मध्ये पुणे महापालिकेत आले; तिथून शहरातले रुग्णालय जवळ आहे. घाटाकडच्या एखाद्या वाडीवरल्या आजोबांचे तसे नाही. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पद्धत ठरवताना डॉक्टरांनी रुग्णाचे गावही विचारावे.