पुसलेल्या चिपचा हरवलेला आकडा

जुन्या सर्किटमधला आठ पायांचा मायक्रोकंट्रोलर मुले काढतात, पुसतात आणि त्यात नवा प्रोग्रॅम भरतात. प्रोग्रॅम बिनचूक, जोडणीही बरोबर; पण दिवा काही लुकलुकत नाही. चिप 'गेली' म्हणून कचऱ्यात पडते. आमच्या हातूनही अशी एक चिप पडली आहे. खरे तर ती बिघडलेली नव्हती, तिच्यातला एक आकडा तेवढा हरवला होता.

चिप पुसून पुन्हा वापरण्याची सोय १९७१ साली झाली. इंटेलमध्ये डॉव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम ही स्मृती तयार केली. चिपवर क्वार्ट्झची छोटी खिडकी असे. तीतून अतिनील किरण पाडले की सगळी माहिती पुसली जाई. उन्हातले अतिनील किरण आत जाऊ नयेत म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावत!

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात मायक्रोचिप कंपनीचा 'पिक १२सी५०८' आला. पाय आठच, तेव्हा क्वार्ट्झ स्फटिकासाठी दोन पाय खर्च करणे परवडणारे नव्हते. म्हणून ४ मेगाहर्ट्झचा आंदोलक चिपच्या आतच, रोध आणि धारित्र यांचा बनवला. पण सिलिकॉनवरचे रोध-धारित्र प्रत्येक चिपमध्ये थोडे वेगळे उतरतात. मग कारखान्यातच प्रत्येक चिप मोजून तिच्यापुरता दुरुस्तीचा आकडा ठरवला जाई आणि प्रोग्रॅम-स्मृतीच्या शेवटच्या घरात लिहिला जाई. खिडकीवाली चिप पुसली की प्रोग्रॅमबरोबर तोही पुसला जाई.

पुढे फ्लॅश स्मृतीचा 'पिक १२एफ६२९' आला. तो विजेनेच पुसता येतो, त्यामुळे ही चूक अधिकच सोपी झाली. त्याच्या १०२४ घरांपैकी शेवटच्या घरात 'हा आकडा घेऊन परत जा' अशी आज्ञा असते. प्रोग्रॅम सुरुवातीलाच त्या घरात जातो, आकडा घेऊन परततो आणि आंदोलक जुळवतो. घर पुसलेले असेल तर तिथे परत फिरण्याची आज्ञाच नसते. गणक पुढे सरकतो, स्मृती संपते आणि तो शून्यावर येतो. म्हणजे प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून! दिवा पेटवायची पाळी कधी येतच नाही. जुन्या १२सी५०८ मध्ये प्रोग्रॅम निदान चाले, पण वेळ चुकीची. आम्हाला तो प्रकार जास्त फसवा वाटतो. संगणकाशी ९६०० बॉडने बोलताना एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा असतो. वेग सुमारे ५ टक्क्यांनी चुकला की दहाव्या बिटापर्यंत अर्ध्या बिटाची चूक साठते आणि अक्षरे बदलतात.

उपाय साधा आहे. पुसण्याआधी शेवटचे घर वाचा, आकडा वहीत लिहा आणि नव्या प्रोग्रॅमबरोबर परत भरा. तो आकडा त्याच चिपचा असतो, दुसरीचा चालत नाही. आधीच हरवला असेल तर एका पायावर ठरावीक चौरस तरंग काढणारा प्रोग्रॅम भरावा, वारंवारता मोजावी आणि वारंवारता जुळेपर्यंत आकडा बदलत जावे. नंतरच्या 'पिक १२एफ६८३' मध्ये हा आकडा प्रोग्रॅम-स्मृतीबाहेर ठेवला आहे. नेहमीच्या पद्धतीने चिप पुसली तरी तो शाबूत राहतो.