वेतनाच्या तक्त्यात आशाताई कुठे आहे?

आरोग्यसेवा आणि प्रशासकीय सेवा यांच्या पगाराची तुलना करायची म्हटली, की आपण लगेच सातव्या वेतन आयोगाचा तक्ता उघडतो. त्यात नवा आयएएस अधिकारी आणि केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, दोघांचं सुरुवातीचं मूळ वेतन सारखंच : ५६,१०० रुपये. डॉक्टरला वर खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल २० टक्के भत्ता.

म्हणजे आरोग्यसेवा पुढे? थांबा. २००५ पासून दारोदार फिरणारी आशा या तक्त्यात नाहीच. सरकारदप्तरी ती ‘स्वयंसेविका’. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तरी त्या तक्त्याबाहेरच राहिल्या.

म्हणून वेतनाचा इतिहास अभ्यासताना आकड्यांच्या आधी शब्द तपासा : ‘कर्मचारी’ कोणाला म्हटलं, आणि कोणाच्या कष्टाला नुसतं ‘मानधन’?